घरच्या शूटिंगचा कप्पा

आमच्या धंद्याला अजून धड नाव पडलेलं नाही. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. पाटीवर अजूनही 'व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग' असंच आहे, पण कॅमेरा खांद्यावरून उतरवून मला बरीच वर्षं झाली. आधी खांदा गेला, मग गुडघे गेले. आता मी लोकांच्या घरातले व्हिडिओ लावून देतो. "लावून देता म्हणजे काय करता?" असं माझे व्याहीसुद्धा विचारतात. कपाट लावतात तसं, म्हणून सांगितलं तर हसतात. "ये भी कोई काम हुआ क्या, रियाजभाई?" हुआ ना! एकदा माझ्या खुर्चीत येऊन बसा म्हणावं.

एकेका घरातून काय काय निघतं! लग्नाच्या कॅसेटी, बारशाच्या सीडी, गॅदरिंगचा पेन ड्राइव्ह, फुटलेल्या मोबाइलमधलं कार्ड, पोरांनी कुठून कुठून उतरवलेले सिनेमे, आजीची कीर्तनं, कुणाच्या अब्बांच्या कव्वाल्या. हे सगळं मी एका हार्ड डिस्कवर घेतो आणि टीव्हीला तळहाताएवढी एक डबी जोडून देतो. त्या डबीत मीडिया सेंटरचं सॉफ्टवेअर असतं. टीव्ही लावला की ते सगळं पोस्टरांसकट पडद्यावर मांडून दाखवतं. रिमोट दाबा आणि बघा.

ऐकायला सोपं आहे, पण हे सॉफ्टवेअर म्हणजे लग्नघरातला नको तितका उत्साही पाहुणा आहे. त्याला प्रत्येक फोल्डरचा प्रकार आधी सांगून ठेवावा लागतो. सिनेमा सांगितलं की ते फाइलचं नाव वाचतं, इंटरनेटवर धावतं आणि पोस्टर, नटनट्या, गोष्ट, सगळं घेऊन येतं. मालिका सांगितलं की सीझन आणि एपिसोड ओळीनं लावतं. आणि घरचं शूटिंग म्हणून सांगितलं तरच गप्प बसतं. लोक काय करतात, सगळं उचलून सिनेमात टाकतात आणि मग माझ्या नावानं ओरडत येतात.

एक जण असाच तावातावानं आला होता. वडील, म्हणजे बापू, गिरणीतून रिटायर झाले त्या दिवसाचा व्हिडिओ त्यानं 'लास्ट डे' असं इंग्रजी नाव देऊन सिनेमात टाकलेला. घरी पाहुणे जमले, टीव्ही लावला, तर बापूंच्या जागी जळती शहरं आणि आकाशातून कोसळणारा डोंगराएवढा दगड. खाली लिहिलेलं, पृथ्वीचा विनाश जवळ आला आहे. पोरगा खजील झाला. बापू मात्र शांतपणे म्हणाले म्हणे, "बरोबर हाय की. माझ्या मागं गिरणीचं असंच झालं."

सांगोल्याचे एक बागाईतदार होते. त्यांच्याकडं लग्न नाही, बारसं नाही, सिनेमा तर एकही नाही. सगळे व्हिडिओ डाळिंबाचे. छाटणी, फवारणी, फूल, फळ. हे कुठल्या कप्प्यात ठेवायचं, मी पेचात पडलो. शेवटी मालिका म्हणून लावलं. प्रत्येक बहार एक सीझन आणि प्रत्येक फवारणी एक एपिसोड. माणूस लई खूश झाला. "आमची शिरेल काय संपायची न्हाय," म्हणाला. पुढं बागेवर तेल्या रोग पडला आणि झाडं काढावी लागली. मी भीत भीत विचारलं, हे आता ठेवायचं का. "राहू द्या," म्हणाले, "झाडं गेली, निदान फुलं तर बगतो." ती मालिका तशीच अर्धी आहे अजून.

अशा गोष्टी मी चहाच्या गाड्यावर सांगत असतो. कमलताईंची गोष्ट मात्र गाड्यावर सांगायची नाही. त्यांना विचारून, त्यांची हरकत नाही म्हटल्यावर ती इथं लिहितोय. फक्त नावं बदलली आहेत.

कमलताई कुंभारीच्या. विड्या वळून वळून बोटं काळी पडलेली बाई. नवरा, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, यंत्रमागावरून उतरून आता घरी बसलेला. कमलताईंनी दुकानात येऊन पिशवीतून रुमालात बांधलेली एक कॅसेट काढली आणि काउंटरवर ठेवली.

"भाऊ, ह्यातलं माझं लगीन पुसून द्या."

"पुसून?" मी म्हटलं. "ताई, लोक माझ्याकडं वाचवायला येतात."

"माझं पुसा वो. त्याच्या खाली दुसरं लगीन हाय. ते वर काढा."

मला आधी काही उमजेना. मग त्यांनी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. अण्णांची पहिली बायको शोभा. मुलगी मनीषा वर्षाची व्हायच्या आत ती काविळीनं गेली. पोरगी तान्ही, घरात बाई नाही, म्हणून अण्णांचं कमलताईंशी लग्न लावलं. दुसरेपणाचं लग्न, गावच्या देवळात, चार माणसांत. शूटिंग करायचं ठरलं तेव्हा थोरले दीर म्हणाले, घरात एक कॅसेट पडूनच हाय, नवी कशाला घ्यायची? आणि ती त्यांनी शूटिंगवाल्याच्या हातात दिली.

त्या काळी शूटिंग थेट कॅसेटवरच भरलं जायचं. कॅसेटीच्या कडेला प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा असतो. तो मोडून टाकला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. लग्नाची कॅसेट गिऱ्हाइकाला देताना तो मोडून द्यायचा, ही आमच्या धंद्यातली साधी रीत. शोभाच्या लग्नाच्या शूटिंगवाल्यानं तो मोडला नव्हता. त्यामुळं कमलचं लग्न भरत गेलं आणि शोभाचं पुसत गेलं. कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण घरात व्हीसीआरच नव्हता. ती कॅसेट कुणी कधी लावून बघितलीच नाही.

बघितली ती मनीषानं. शाळेत होती तेव्हा. गणपतीत शेजाऱ्यांनी व्हीसीआर भाड्यानं आणला, तर ही ट्रंकेतून कॅसेट काढून घेऊन गेली. आई बघायची म्हणून. घरात शोभाचा एकच फोटो, तोही मान खाली घातलेला. पोरीनं मैत्रिणींना गोळा केलं आणि त्यांना सांगितलं, बघा हं, आता माझी आई येणार. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट बाजूला झाला.

"आन तितं मी," कमलताई म्हणाल्या. "पोरीनं तितंच बंद केलं. घरी आली आन मला म्हनली, मावशी, तू माझी आई पुसलीस."

मनीषा त्यांना मावशी म्हणते. भांडण नाही, तंटा नाही, पण तेव्हापासून त्या दोघींच्यात एक भिंत उभी राहिली ती राहिलीच. मनीषा लग्न होऊन पुण्याला गेली. आता तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. कमलताईंनी फोन केला तर म्हणाली, "मला कुठलं माहेर? माझं मी इथं बघते." कमलताईंनी चार दिवस भाकरी गिळली नाही, आणि मग कॅसेट घेऊन माझ्याकडं आल्या.

"आयेला बगितलं तर येईल पोरगी," त्या म्हणाल्या. "माजं पुसा, जळू दे माजं."

आता ह्या बाईला कसं सांगायचं? मी म्हटलं, "ताई, खाली काही राहत नाही. नवं भरताना जुनं जातं."

"असं कसं? भित्तीचा रंग खरवडला की खालचा रंग दिसतोय की."

"भिंत वेगळी, फीत वेगळी."

"तुमाला न्हाय येत म्हना की!" त्या चिडल्या. मग एकदम गळ्याशी हात नेऊन मंगळसूत्राशेजारचा टाक बाहेर काढून त्यांनी माझ्यापुढं धरला. पहिली बायको वारली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालतात, चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली बाईची आकृती. मी मुसलमान असलो तरी लग्नांमागं कॅमेरा घेऊन जन्म गेला, असे टाक मी क्लोजअपमध्ये घेतलेत. पण कुणी असा समोर धरला नव्हता. "मी हिला इतकी वर्सं गळ्यात घिऊन हिंडती," कमलताई म्हणाल्या. "सणाला हिला आदी निवद, मग मी जेवती. पन पोरीला ही कुटं दिसतीया? चांदीत काय त्वांड दिसतंय व्हय, भाऊ?"

कॅसेट ठेवून जा म्हटलं, आहे ते तरी उतरवून ठेवतो. आशा लावली नाही. धंद्यात आशा लावणं सोपं असतं, आणि नंतर गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही.

कॅसेट डिस्कवर उतरवायची म्हणजे ती व्हीसीआरमध्ये लावायची आणि जेवढी लांब असेल तेवढा वेळ चालू द्यायची. घाई चालत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती लावली आणि डबा उघडून जेवायला बसलो. देवळातलं लग्न झालं, आहेर झाले, पेढे वाटले, आणि पडदा काळा झाला. शूटिंगवाला कॅमेरा बंद करायला विसरून तसाच बॅगेत घालून निघाला होता. आमच्या धंद्यात हे चालायचंच. नुसता अंधार, रिक्षाची घरघर आणि कुणाचं तरी खोकणं. असा काळोख लागला की बहुतेक जण मशीन बंद करतात. मी करत नाही. फार हुशार आहे म्हणून नव्हे, तर माझा व्हीसीआर म्हातारा झालाय. मध्येच थांबवला की फीत चावतो. म्हणून एकदा लावली की टोकापर्यंत जाऊ द्यायची.

काळोख बराच चालला. मी हात धुवायला उठलो, आणि मागून बाईचा खणखणीत आवाज आला.

"ओ, त्या लाइटवाल्या मामांना पानी द्या की कुनीतरी! मगाधरनं हुभे हायत बिचारे."

मी वळून बघितलं. पंगत बसलेली. दिव्याच्या झोतात घामाघूम झालेली नवरी, मुंडावळ्या एका कानावर आलेल्या. शेजारी अण्णा, काडीसारखा बारीक, लाजून ताटात बघतोय. देवळातल्या लग्नातला तोच नवरदेव, तेवढाच तरणा. नवरी मात्र दुसरी. ती सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "आन तुमी जेवला का? न्हाय? मग बंद करा की ते, बसा आदी!" कॅमेऱ्यामागचा माणूस हसला, चित्र हललं. मग तिनं अण्णांना कोपरानं ढोसलं. "हसा की जरा. बळं धरून आनल्यागत दिसताय."

माझ्या तोंडून "या अल्ला" एवढंच निघालं. हात उष्टा, तसाच उभा राहिलो. दुसऱ्या लग्नाचं शूटिंग आणि तो बॅगेतला अंधार मिळून कॅसेट भरली नव्हती. शेवटचा तुकडा कोरा राहिला होता, म्हणजे कोरा नव्हे, शोभाचा राहिला होता. पंगत, आणि मग पाठवणी. सगळ्यांशी चुरूचुरू बोलणारी ती पोरगी आईच्या गळ्यात पडून इतकी रडली की मलाही रडू आलं. तिथं फीत संपली.

कमलताईंना बोलावून घेतलं. फोनवर काही सांगितलं नाही. त्यांनी ते उभ्यानंच बघितलं, पदर तोंडावर धरून. संपल्यावर म्हणाल्या, "परत लावा." मी परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी, आणि हसतायत.

"लई बोलकी हुती की वो ही! मला समदे सांगायचे, मोठी गरीब हुती, वर मान करून बोलत न्हवती. भाऊ, आमची मनीषा डिट्टो अशीच बोलती. मला वाटायचं माज्यावरच्या रागानं त्वांड सोडती. ही तर आयेची जीभ हाय!"

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता मनीषाच्या मोबाइलवर पाठवतो."

त्यांचं हसू मावळलं. "नगं," म्हणाल्या. "हितं येऊन बगू दे. तिला सांगते, आयेला बगायचं तर घरी ये." मी मोबाइल खाली ठेवला. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "व्हय, लबाडी हाय माजी. ठावं हाय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तोवर त्यांचा फोन. "धाडा पोरीला ते. येवो न येवो. आई तिची हाय, मी कोन अडवून धरनार?" आवाज बसलेला होता. त्यांनी दिलेल्या नंबरवर मी लगेच धाडलं. व्हिडिओ बघितल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या, पण उत्तर आलं नाही. संध्याकाळीही आलं नाही. मला आपलं उगीच वाटलं, आपण कशाला ह्यात पडलो.

त्या आठवड्यात मी कुंभारीला जाऊन त्यांच्या टीव्हीला डबी जोडून दिली. घरचं शूटिंग असा एकच कप्पा त्यांना हवा होता. सॉफ्टवेअर प्रत्येक व्हिडिओचं चित्र स्वतःच कुठूनतरी मधूनच उचलतं. शोभाच्या व्हिडिओला त्यानं जिलेबीचं ताट उचललं होतं. मी ते बदलून ती कॅमेऱ्यात बघते तिथलं चित्र लावलं. खाली नाव दिलं, 'शोभाताईंचं लग्न'. अण्णा बाजेवर बसून बघत होते. आवाज आला तसे उठून उभे राहिले. "आवाज इसरलो हुतो मी," एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

आता कमलताईंचं लग्न. तेही मी उतरवलं होतंच. कमलताई ऐकेनात. "माजं नगं त्यात. पोरगी कवा आली, रिमोट दाबला, आन परत मीच दिसले तर?" मी म्हटलं, एका कॅसेटीत दोघी होत्या, एका कप्प्यात राहतील की. नाहीच म्हणाल्या. शेवटी 'कमलताईंचं लग्न' म्हणून ते वेगळ्या फोल्डरात ठेवलं, पडद्यावर दिसणार नाही असं. पुसलं नाही. गिऱ्हाइकानं सांगितलं तरी मी पुसत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यावर मला "लई हट्टी हाय तुमी" असं ऐकून घ्यावं लागलं.

मनीषा आली. कधी आली, कशी आली, त्या दोघी काय बोलल्या, मला ठाऊक नाही. एक दिवस नंबर न बघताच फोन उचलला. "मामा, कुंभारीच्या टीव्हीवरच्या त्या डबीचा पासवर्ड द्या ना. मोबाइलवरून उघडायचंय. आणि त्यात अजून काय काय आहे?" आवाज मी ओळखला. ओळखणारच, तोच खणखणीत आवाज कॅसेटीवर ऐकला होता. जे आहे ते सांगितलं, दोन्ही फोल्डर सांगितले, पासवर्ड दिला. कशाला हवाय ते विचारलं नाही. ती म्हणाली, "थँक्यू मामा. जेवलात का?"

त्यानंतर काही दिवसांनी कमलताईंचा फोन आला. घाबरल्यासारख्या बोलत होत्या.

"भाऊ, टीव्हीत कायतरी झालंया. माजं लगीन त्यात आलंया. तुमी तर म्हनला हुता दिसनार न्हाय!"

"कुठं आलंय?"

"मोठीच्या, शोभाच्या शेजारी. मोठीच्या खाली तुमी लिवलेलं नाव न्हाय आता." त्या एकेक अक्षर लावत वाचायला लागल्या. "आई-चं लग्न. भाग एक. आन माज्या फोटूखाली..." तिथं त्या थांबल्या. "माज्या फोटूखाली हाय, आईचं लग्न, भाग दोन. हे त्या मशिननं आपसूक केलं का वो? तुमीच म्हनला हुता, ते नावं आपसूक लावतंय म्हनून."

"सिनेमाची लावतं, ताई," मी म्हटलं. "घरच्या शूटिंगला मशीन कधी नाव देत नाही. ते घरातल्या माणसानंच लिहावं लागतं."

"अण्णांना तर मोबाइल बी धरता येत न्हाय," त्या म्हणाल्या.

"मग अण्णांनी नसेल लिहिलं."

कमलताई फोन हातात धरूनच रडायला लागल्या, आणि मागून तोच खणखणीत आवाज विचारत होता, काय झालं, कशाला रडतेस?